‘बिग फोर’ नाही मिळालं, तर? नागपूरच्या बीकॉम पदवीधरांसाठी हिशेबाच्या इतर वाटा

बीकॉमचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आता पुढे काय?’ हल्ली त्याचं उत्तर मोबाइलवर तयारच असतं. सीए व्हायचं, ‘बिग फोर’पैकी एका फर्ममध्ये लागायचं आणि पुण्याची किंवा मुंबईची गाडी पकडायची. ज्यांना हे जमतं त्यांचं कौतुकच आहे. पण ज्यांना जमत नाही, ते संख्येनं कितीतरी जास्त आहेत. त्यातले अनेक जण इंटरच्या तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर नातेवाइकांकडे जाणं टाळतात आणि पंचविशीतच ‘कॉमर्स घेतलं तेच चुकलं’ असं म्हणू लागतात.

हे लिहिणारा इंजिनीअर आहे. आमच्या कॉलेजात वर्षभर एकच चर्चा असायची, कॅम्पसला कोणती मोठी कंपनी येणार आणि किती जणांना ‘उचलणार’. त्या यादीत नाव न आलेल्या मुलांना चार वर्षांत काय काय करता येऊ लागलं, हे कुणी विचारलं नाही. कॉमर्सच्या मुलांशी बोलताना तीच चर्चा पुन्हा ऐकू येते, फक्त कंपन्यांची नावं बदललेली असतात. म्हणून मोठ्या फर्मच्या बाहेर हिशेबाचं काम नेमकं कुठे आहे, त्यासाठी काय लागतं आणि नागपुरात राहून त्यातलं किती होऊ शकतं, हे एकेक करून पाहू.

‘बिग फोर’ म्हणजे नेमकं काय?

डेलॉइट, ईवाय, केपीएमजी आणि पीडब्ल्यूसी या चार जागतिक सल्लागार आणि लेखापरीक्षण समूहांना ‘बिग फोर’ म्हणतात. भारतात ऑडिट अहवालावर परदेशी फर्मची सही चालत नाही. त्यामुळे या समूहांशी जोडलेल्या भारतीय सीएंच्या फर्म ते काम करतात. मोठ्या सूचिबद्ध कंपन्या, बँका आणि बहुराष्ट्रीय उद्योग हे त्यांचे ग्राहक. साहजिकच कामाची मुख्य केंद्रं मुंबई, पुणे, गुरुग्राम, बंगळुरू, हैदराबाद अशी आहेत.

तिथं शिस्त, मोठ्या कंपनीचं काम जवळून पाहण्याची संधी आणि बायोडेटावर चालणारं नाव मिळतं, हे खरं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या फर्ममध्ये रुजू झाल्यावर अवघ्या चार महिन्यांत २६ वर्षांच्या सीए तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईनं लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. फर्मनं मृत्यूचा कामाच्या ताणाशी संबंध मान्य केला नाही. त्या पत्रानंतर निदान एवढं तरी झालं, की मोठं नाव मिळालं म्हणजे सगळं मिळालं, हे गृहीत धरणं कमी झालं.

सीएच्या परीक्षेचे आकडे काय सांगतात?

नोव्हेंबर २०२३ मध्ये सीए फायनलचे दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी ९.४२ टक्के उत्तीर्ण झाले. मे २०२४ मध्ये हेच प्रमाण १९.८८ टक्के होतं. म्हणजे चांगल्या निकालातही दहातले आठ जण त्या खेपेला मागे राहिले. ते सगळे ढ असतात असं कुणी म्हणणार नाही. पण व्यवस्था मात्र त्यांच्याशी अशी वागते, जणू मधली सगळी वर्षं वाया गेली.

आयसीएआय या सीए संस्थेनं अलीकडे काही बदल केले आहेत. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली. परीक्षाही आता वर्षातून तीनदा होतात. वाणिज्य शाखेच्या पदवीला ५५ टक्के गुण असतील, तर फाउंडेशन न देता थेट इंटरला प्रवेश मिळतो. इंटर, आर्टिकलशिप आणि स्वयंअध्ययनाची मॉड्यूल्स पूर्ण करूनही फायनल न सुटलेल्यांसाठी ‘बिझनेस अकाउंटिंग असोसिएट’ या प्रमाणपत्राची तरतूद नव्या योजनेत आहे. हे सीएचं पद नव्हे. पण ‘फायनल राहिलं’ या एका ओळीऐवजी केलेल्या कामाची अधिकृत नोंद दाखवता येते. या प्रमाणपत्राची माहिती कोचिंग क्लासच्या जाहिरातीत दिसत नाही. ती विद्यार्थ्यांनी स्वतः मिळवायला हवी.

करिअर निवडताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा?

बहुतेक जण पहिला प्रश्न पॅकेजचा विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न सहीचा असावा. कोणत्या कागदावर कोणाची सही चालते? हिशेबाच्या क्षेत्रात पुढची तीस वर्षं तुमची किंमत त्यावर ठरते.

कंपनीचं वैधानिक ऑडिट आणि आयकराचं टॅक्स ऑडिट यांवर सीएची सही लागते. ठरावीक उद्योगांच्या खर्चाच्या ऑडिटवर सीएमएची म्हणजे कॉस्ट अकाउंटंटची लागते. कंपनी कायद्याच्या अनेक प्रमाणपत्रांवर कंपनी सेक्रेटरीची लागते. सहकारी संस्थेच्या ऑडिटवर सीएबरोबरच प्रमाणित लेखापरीक्षकाचीही चालते. आणि व्यापाऱ्याचं जीएसटी विवरणपत्र त्याच्या वतीनं भरायला नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर चालतो. यातली प्रत्येक सही म्हणजे एक वेगळी वाट. फर्मचं नाव नंतर येतं.

लहान फर्ममध्ये शिकायला काय मिळतं?

धंतोली, रामदासपेठ, सीताबर्डी किंवा गांधीबागेत एक-दोन भागीदारांच्या सीए फर्म आहेत. त्यांचे ग्राहक म्हणजे इतवारीतले व्यापारी, कळमन्यातले अडते, बुटीबोरी-हिंगण्यातले छोटे कारखाने, डॉक्टर, बिल्डर, शिक्षणसंस्था. इथं आर्टिकल लागलेल्या मुलाचा महिना कसा जातो ते पाहा.

७ तारखेपर्यंत आधीच्या महिन्यात कापलेला टीडीएस भरायचा. ११ पर्यंत विक्रीचं विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१. १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं, ते ग्राहकाच्या खरेदीशी जुळवायचं. १५ पर्यंत पीएफ आणि ईएसआयसी. २० पर्यंत जीएसटीआर-३बी. छोट्या करदात्यांची तिमाही विवरणपत्रं वेगळी. शिवाय बँकेला कर्जासाठी लागणारे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि आयकराच्या नोटिसांची उत्तरं असतातच.

हे कारकुनी वाटेल. पण एक उदाहरण घ्या. इतवारीतल्या व्यापाऱ्यानं १० लाखांचं हार्डवेअर घेतलं, त्यावर १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार जीएसटी दिला. पुरवठादारानं त्याचं विवरणपत्रच भरलं नाही, तर ही रक्कम २बीमध्ये दिसत नाही आणि व्यापाऱ्याला तिची वजावट घेता येत नाही. तेवढा कर त्याला खिशातून भरावा लागतो. ही गोष्ट २० तारखेच्या आत पकडून पुरवठादाराला फोन करणारा मुलगा त्या दुकानासाठी ‘एंट्री मारणारा’ राहत नाही.

दुसरं उदाहरण कारखान्यांचं. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं बिल ठरलेल्या मुदतीत, म्हणजे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी करातून वजा होत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी होतो. ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आली. मार्च संपण्याआधी देणेकऱ्यांची यादी काढून मालकाला हे सांगणारा माणूस लाखोंचा कर वाचवतो.

मोठ्या फर्ममध्ये नवख्याला अनेकदा एका मोठ्या ऑडिटचा एक छोटा भाग महिनोन् महिने मिळतो. लहान फर्ममध्ये एकाच दुकानाचं रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत आणि तिथून नोटिशीच्या उत्तरापर्यंत सगळं दिसतं. ज्याला पुढे स्वतःची प्रॅक्टिस करायची आहे किंवा एखाद्या मध्यम उद्योगाचा फायनान्स सांभाळायचा आहे, त्याला हे दुसरं जास्त कामाला येतं.

सीए न होता स्वतःचं काम सुरू करता येतं का?

येतं, मर्यादेत. जीएसटी नियमावलीतील नियम ८३ नुसार वाणिज्य, विधी, बँकिंग किंवा व्यवसाय प्रशासनाची पदवी असलेल्याला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. अर्ज जीएसटी पोर्टलवर पीसीटी-०१ या फॉर्ममध्ये होतो. परीक्षेच्या अटीही याच नियमात आहेत, त्या अर्जाआधी वाचून घ्याव्यात. आयकर कायद्यातही करदात्याचा प्रतिनिधी म्हणून अधिकाऱ्यापुढे उभं राहण्याच्या पात्रतेत वाणिज्य पदवीचा समावेश आहे.

ही वाट निवडायला सध्याचा काळ अनुकूल आहे, कारण नियम बदलत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे बहुतांश दर ५ आणि १८ टक्क्यांवर आले. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेणारा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमं ८१९ वरून ५३६ वर आली आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं. जुना कायदा पाठ असलेल्या पन्नाशीतल्या सल्लागारालाही नवी कलमं नव्यानं शिकावी लागतात. नवख्याला अनुभवी माणसाच्या बरोबरीनं उभं राहण्याची अशी संधी क्वचित मिळते.

एक इशारा मात्र हवा. नोंदणी झाली म्हणजे ग्राहक येतील असं नाही. दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढल्याशिवाय दुकानाची पाटी लावू नये. चुकीच्या विवरणपत्राचा दंड आणि व्याज ग्राहकाला भरावं लागतं आणि इतवारीत ही बातमी पसरायला एक दिवसही लागत नाही.

सहकाराची वाट कोणती?

विदर्भातल्या मुलांसाठी ही सर्वांत दुर्लक्षित वाट आहे. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, सेवा सोसायट्या, नागरी बँका, दूध संस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ नुसार प्रत्येक संस्थेचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हावं लागतं. शासनानं मान्य केलेल्या नामिकेतून लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार संस्थेच्या सर्वसाधारण सभेला आहे.

या नामिकेत सीए असतात, तसेच प्रमाणित लेखापरीक्षकही असतात. त्यासाठी पदवी, सहकार व लेखा यांतली शासकीय पदविका, म्हणजेच ‘जीडीसी अँड ए’, आणि सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा समाधानकारक अनुभव लागतो. ही परीक्षा राज्याचं सहकार खातं घेतं. आणखी एक अट आहे, जी वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. लेखापरीक्षकाला मराठीचं कामापुरतं ज्ञान हवं, असं कायदाच म्हणतो. इंग्रजी कच्चं म्हणून मुलाखतीत अडखळणाऱ्या काटोल-उमरेडच्या मुलाची भाषा इथं पात्रता ठरते.

हे काम किती गंभीर आहे, हे नागपूरला शिकवायची गरज नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या पैशातून खासगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेतल्याचं दाखवलं गेलं. रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. रक्कम सुमारे दीडशे कोटी होती आणि पैसा शेतकऱ्यांचा, ठेवीदारांचा होता. २००२ मध्ये विशेष लेखापरीक्षकाच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयानं बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि माजी मंत्री सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्या निकालाला सत्र न्यायालयात आव्हान देण्यात आलं.

या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न बीकॉमच्या ऑडिटच्या पुस्तकात आहे. ताळेबंदात गुंतवणूक म्हणून आकडा लिहिला आहे, तर ती गुंतवणूक कुठे आहे? कागद दाखवा. हा साधा प्रश्न वेळेवर आणि न घाबरता विचारणारी माणसं प्रत्येक तालुक्याला हवी आहेत. जिल्हा बँकेपासून गावच्या पतसंस्थेपर्यंत सामान्य माणसाची बचत त्यांच्यावर अवलंबून असते.

कारखान्यांत आणि खाणींत संधी आहे का?

नागपूरभोवती कोळसा, मँगनीज, वीज, सिमेंट आणि पोलाद आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात आहेत. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं शहराला लागून आहेत, चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांना रेल्वेनं काही तासांत पोहोचता येतं.

अशा उद्योगांत ‘वर्षाला नफा किती’ यापेक्षा ‘एका टनाला खर्च किती आणि तो का वाढला’ हा प्रश्न रोजचा असतो. सीएमएचं शिक्षण त्यासाठीच आहे. ही संस्था १९५९ च्या कायद्यानं स्थापन झाली आणि ठरावीक उलाढालीवरच्या ठरावीक उद्योगांना कॉस्ट ऑडिट बंधनकारक आहे. सरकारी कंपन्यांच्या वित्त विभागातील अधिकारी पदांच्या जाहिरातीत सीएबरोबर सीएमएलाही स्थान असतं. सीए इंटरला अडकलेल्या, पण कारखान्याच्या कामात रस असलेल्या मुलानं ही तुलना एकदा तरी करून पाहावी. दोन्ही अभ्यासक्रमांत सूट कोणत्या विषयांना मिळते, हे संस्थेच्या नागपूर चॅप्टरमध्ये जाऊन विचारता येतं.

सरकारी नोकरीचं काय?

हिशेबाशी संबंधित सरकारी कार्यालयांच्या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. विदर्भ आणि मराठवाड्यासाठीचं महालेखाकार कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. आयकर अधिकाऱ्यांना घडवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी छिंदवाडा रोडवर आहे.

‘कॅग’च्या कार्यालयांतली सहायक लेखापरीक्षा अधिकारी, लेखापाल आणि लेखापरीक्षक ही पदं तसंच आयकर निरीक्षकाचं पद कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेतून भरतात. राज्यात एमपीएससीमार्फत राज्यकर निरीक्षक, सहायक राज्यकर आयुक्त आणि महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा आहेत. वित्त व लेखा सेवेला वाणिज्य किंवा वित्त शाखेची विशिष्ट पात्रता लागते. म्हणजे इतर पदांना लाखोंच्या गर्दीत उभं राहणाऱ्या बीकॉमवाल्याला इथं स्पर्धा थोडी आटोपशीर मिळते. लेखा व कोषागारे विभाग विभागवार कनिष्ठ लेखापाल भरतो, त्याला पदवीबरोबर टंकलेखनाचं प्रमाणपत्रही मागतात.

अडचण ठाऊक असलेलीच आहे. जाहिरात कधी निघेल आणि निकाल कधी लागेल, याचा भरवसा नाही. त्यामुळे सगळं सोडून चार वर्षं फक्त स्पर्धा परीक्षा, हा हिशेब आम्हाला पटत नाही. सकाळी एखाद्या फर्ममध्ये काम आणि संध्याकाळी अभ्यास, हे कठीण आहे. पण परीक्षा हुकली तरी हातात अनुभव उरतो.

नागपुरात बसून परदेशाचं काम मिळतं का?

मिळतं. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या छोट्या अकाउंटिंग फर्म हिशेब लिहिण्याचं, पगारपत्रकांचं आणि कर विवरणपत्रांचं काम भारतात पाठवतात. त्यासाठी क्विकबुक्स, झिरो अशी सॉफ्टवेअर यावी लागतात. अमेरिकी करांत खोलवर जायचं असेल, तर तिथल्या कर खात्याची ‘एन्रोल्ड एजंट’ परीक्षा आहे. तिचे तीन भाग आहेत आणि ती भारतातूनही देता येते.

यात दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. तिथला करांचा हंगाम १५ एप्रिलला संपतो, म्हणजे जानेवारीपासून रात्रीचं जागरण ठरलेलं. आणि हे काम करताना भारतीय कायद्यांचा सराव सुटत जातो. तीन वर्षांनी परत यायचं असेल, तर तयारी पुन्हा पहिल्यापासून.

सॉफ्टवेअर आणि एआय हे काम खाणार का?

या प्रश्नाचं उत्तर इंजिनीअर म्हणून देतो. त्यातलं एक काम सॉफ्टवेअर खात आहेच. ते काम म्हणजे बिल बघून आकडा टाइप करणं. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यावसायिक ग्राहकांच्या बिलांसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक झालं. बिलाचा डेटा पोर्टलवर आपोआप जातो. आयकराच्या वार्षिक माहिती पत्रकात बँक व्याजापासून शेअर विक्रीपर्यंत बरंच काही आधीच भरलेलं असतं. नुसत्या डेटा एंट्रीवर करिअर उभं करण्याचे दिवस संपत आले आहेत.

पण त्याच वेळी नवं काम तयार झालं आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात नोंद कोणी, कधी बदलली याचा माग राहतो. तो माग वाचायला माणूस लागतो. दोन याद्या का जुळत नाहीत, हे सॉफ्टवेअर दाखवतं. त्यातली चूक कोणाची, ती लबाडी आहे की विसरभोळेपणा आणि नोटिशीला उत्तर काय द्यायचं, हे माणूस ठरवतो. म्हणून टॅलीबरोबर एक्सेल नीट शिका. शंभर बिलांची यादी हातानं जुळवणारा आणि दहा हजार बिलांची यादी दहा मिनिटांत जुळवणारा, या दोघांचे पगार सारखे राहणार नाहीत.

लहान फर्ममध्ये जाण्याआधी काय तपासावं?

लहान फर्म म्हणजे शिक्षणाची खाण, असं सरसकट म्हणणं खोटं ठरेल. काही ठिकाणी मुलांकडून दोन वर्षं फक्त एंट्री आणि बँकेच्या चकरा करून घेतात. स्टायपेंड वेळेवर मिळत नाही. परीक्षेच्या तोंडावर सुट्टी मागितली की सरांचा चेहरा बदलतो. सुरुवातीचे पैसेही मोठ्या फर्मपेक्षा कमीच असतात. रुजू होण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

• पहिल्या वर्षात कोणकोणतं काम मिळेल? जीएसटी, ऑडिट, आयकर यांत फेरपालट होते का?

• ग्राहकाच्या दुकानात किंवा कारखान्यात पाठवतात का, की कायम ऑफिसातच बसायचं?

• नोटिशीच्या उत्तराचा पहिला मसुदा आर्टिकल लिहितात का?

• स्टायपेंड, कामाचे तास आणि परीक्षेची सुट्टी लेखी ठरते का?

• गेल्या दोन वर्षांत इथून बाहेर पडलेली मुलं आता कुठे आहेत?

शेवटचा प्रश्न सरांना विचारू नका. त्या मुलांनाच फोन करून विचारा. पगाराचा खरा आकडाही तेच सांगतील. फर्म, काम आणि तालुक्यानुसार तो इतका बदलतो, की ‘सरासरी पगार’ सांगणारे व्हिडिओ फारसे उपयोगाचे नाहीत.

आमचं मत

कॉमर्सच्या पदवीधराला कमी लेखण्याचं काम तीन ठिकाणी होतं. कॉलेजात, क्लासमध्ये आणि घरात. बदलही तिथूनच व्हायला हवा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आणि त्याच्या महाविद्यालयांनी प्लेसमेंटचा फलक लावताना मोठ्या नावांपलीकडे पाहावं. जीडीसी अँड ए उत्तीर्ण झालेले, कोषागारात लागलेले, स्वतःचं कार्यालय थाटलेले माजी विद्यार्थी वर्षातून एकदा वर्गात यावेत. नव्या शैक्षणिक धोरणातल्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. ते प्रशिक्षण शिक्का मारलेल्या पत्रावर संपू नये. एका पतसंस्थेचा किंवा एका दुकानाचा वर्षभराचा हिशेब विद्यार्थ्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला, तर त्या श्रेयांकांना अर्थ येईल.

शहरातल्या लहान फर्मनीही स्वतःकडे पाहावं. ‘मुलं टिकत नाहीत, पुण्याला पळतात’ ही तक्रार रास्त आहे. पण ज्याला दोन वर्षांत एकदाही नोटिशीचं उत्तर लिहू दिलं नाही, तो कशासाठी टिकेल? चांगलं शिकवणाऱ्या आणि वेळेवर पैसे देणाऱ्या फर्मचं नाव विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरातीशिवाय फिरतं. वाईट फर्मचंही फिरतं.

आणि घरच्यांसाठी एवढंच. ‘सीए झाला का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही अशी दोनच उत्तरं असतात. त्याऐवजी ‘सध्या काय शिकतोयस?’, ‘सध्या काय शिकतेयस?’ असं विचारून पाहा. उत्तर बहुधा लांबलचक येईल.

तुम्ही स्वतः या वळणावर असाल, तर या आठवड्यात तीन गोष्टी करा. कोणत्या कागदावर सही करण्याचा अधिकार तुम्हाला हवा आहे, ते लिहून काढा. त्या सहीसाठी लागणारी पात्रता संबंधित संस्थेच्या किंवा खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचा, क्लासच्या पत्रकात नको. आणि ते काम पाच वर्षं केलेल्या एका माणसाला प्रत्यक्ष जाऊन भेटा. नागपुरात असा माणूस बहुधा तुमच्या घरापासून स्कूटरनं अर्ध्या तासाच्या आत आहे. फक्त ७, ११ आणि २० तारखेच्या आसपास जाऊ नका, त्या दिवसांत त्याला चहा प्यायलाही वेळ नसतो.